ताईंची रिकामी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. बास्केटबॉलच्या कोर्टाकडेला, खेळाडूंच्या बाकाशेजारी असते ना, मुख्य प्रशिक्षकाची, तीच. आधीच सांगते, मी भयंकर चिडलेय.

एका वेल्डरनं माझा सांगाडा जोडला, गादीवाल्यानं जाड फोम भरला. क्लबानं पाठ मुद्दाम उंच करून घेतली. "साहेब बसणार, रुबाब दिसला पाहिजे!" त्यावर गादीवाल्याची बायको म्हणाली, "अहो, खेळणार पोरी, मग रुबाब खुर्चीचा कशाला?" तिलाच क्लबच्या समितीत घ्यायला हवं होतं.

साहेब दोन वर्षं माझ्यावर बसले. कुणाचा नेम चुकला की टाचेनं माझ्या पायाला लाथ, आणि बाकावरच्या पोरींपुढे उभं राहून आरडाओरडा. "डोळे फुटलेत का गं?" यंदा ओळीनं नऊ सामने हरले आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी साहेबांची कंबर धरली. गेले एकदाचे.

मग समितीनं त्यांच्या सहायक बाईंना हंगामी मुख्य प्रशिक्षक केलं. अकरा वर्षं चेंडूत हवा भरण्यापासून मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधण्यापर्यंत सगळं त्याच करत होत्या. पोरी त्यांना ताई म्हणतात.

ताई माझ्यावर एकदाही बसल्या नाहीत. सुरुवातीला मला राग आला, खोटं कशाला बोलू? मग कळलं. पोरगी दमून बाकावर आली की ताई तिच्यापुढे जमिनीवर गुडघे टेकतात. सामान सांभाळणाऱ्या काकांना एकदा म्हणाल्या, "काका, या पोरींनी वर मान करून फार बोलणी खाल्लीत. मी खालून बोलले तर ऐकतील तरी." आणि पोरी नुसत्या ऐकत नाहीत, बोलतातही! "ताई, ती सारखी उजवीकडूनच घुसतेय." "अगं, मग सांगतेस काय, जा, अडव तिला!" उरलेल्या चौदा सामन्यांपैकी दहा जिंकले.

परवा समितीची बैठक होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काकांनी मला वर नेलं. अध्यक्ष नेमके माझ्यावरच बसले. आणि माझ्यावर बसून काय बोलावं या माणसानं? "मी प्रत्येक सामना या वरच्या खोलीच्या काचेतून बघतो. खुर्ची कायम रिकामी! बाई जागेवर नसतातच."

अहो महाशय, ती काच बाकाच्या मागच्या अंगाला! तिथून उंचच उंच पोरींच्या पाठी दिसतात. त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसलेली बाई दिसेल कशी?

संघाची कर्णधार, तिला सगळे शिडी म्हणतात, दारात उभी होती. "साहेब, एकदा खाली येऊन बघा ना. ताई आमच्यासमोरच असतात."

"बाळ, तू खेळाकडे लक्ष दे," अध्यक्ष म्हणाले. सचिवांनी मान डोलावली. ठरलं, बाहेरचा माणूस आणायचा आणि शनिवारी सभासदांकडून मंजुरी घ्यायची. ताईंना द्यायच्या पत्रात कारण लिहिलं, 'सामन्यादरम्यान जागेवर अनुपस्थित.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्याविरुद्ध पुरावा कोण, तर मी! मला विचारलंत?

ताईंनी ते पत्र कोर्टावरच वाचलं.

"ताई, उद्यापासून बसा ना खुर्चीत," शिडी रडवेली झाली. "दिसाल तरी त्यांना."

"आणि तुम्हाला पुन्हा माना वर करायला लावू? नाही जमणार गं मला."

सभासदहो, शनिवारी हात तुम्ही वर करणार आहात. दरवेळी चहा घेता, कागद न वाचता 'मंजूर' म्हणता आणि घरी जाता. लाज वाटू द्या जरा! यावेळी उभे राहा, विचारा अध्यक्षांना, एकदा तरी खाली उतरला होतात का? ताईंना ठेवा. हंगामी हा शब्द पुसून ठेवा.

तेवढंही धैर्य नसेल, तर एक करा. माझ्या अंगावर दुसऱ्या कुणाला आणून बसवू नका. ताईंची रिकामी खुर्ची म्हणून मी आनंदानं आयुष्य काढीन.