समुद्राची बाटली

१९८३ च्या पावसाळ्यात लाखांदूरजवळच्या आमच्या गावात समुद्रासाठी एक बाटली बसली, आणि तीही जागेश्वरच्या अंगणात. कोळशाच्या धुरातलं गंधक, शेतातल्या शेणखतातला अमोनिया वाऱ्यावर चढतो, पावसाबरोबर समुद्रात उतरतो आणि तिथलं पाणी नासवतो; वाटेत जमिनीवर किती पडतो ते बाटलीत पावसाचं पाणी धरून मोजायचं, असं किनाऱ्यावरच्या कुठल्याशा संस्थेच्या साहेबांनी समजावलं. समुद्र गावात कोणी पाहिला नव्हता. साहेब जागेश्वरकडे चहा पितात, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

शेजारचा मारोतराव दहा एकरांचा धनी, जागेश्वर तीन एकरांचा. रोज सकाळी आठला जागेश्वर नरसाळ्याखालची बाटली बदलायचा. तेव्हाच मारोतराव कुंपणाशी दात घासायला यायचा, आणि तासभर घासायचा.

"अजी, दात झिजून जातीन," बायको आनंदाबाई म्हणायची.

"ढग पयले माह्या वावरावरून येते. मंग बाटली त्याच्याकडं काहून?"

"आपल्या अंगणात चिंच हाये. साहेबाले उघडं आभाळ पायजे होतं."

चिंच तोडायला आनंदाबाईनं हात लावू दिला नाही. मग मारोतरावानं मागच्या नाल्यापाशीचा उकिरडा गाडीगाडीनं आणून कुंपणाला लावला. पाणी नासलं की बाटली जाईल, हा हिशेब. शेणाच्या वासानं जागेश्वरच्या डोळ्यांत पाणी यायचं. तो डोळे पुसून बाटली बदलायचा.

सप्टेंबरात साहेब आले. कुंपणावरून वाकले, नाकाला रुमाल लावला.

"गंधक पूर्वीइतकंच, अमोनिया मात्र तिप्पट. हा उकिरडा कधीचा?"

"बापजाद्याचा, साहेब," मारोतराव म्हणाला.

"मामाजीचा तं नाल्यापाशी होता," आनंदाबाई सासऱ्यांची आठवण काढत आतून बोलली.

साहेब हसले. "हलवा तो. नाहीतर मला चिंचेखाली का होईना, इथंही एक बाटली लावावी लागेल."

मारोतराव ताठ झाला. "लावा ना! उकिरडा हलत नाही."

"पण तुमचा आकडा कुठं छापणार नाही हं. उकिरड्याचा वाटा कळला, की तेवढा जागेश्वरच्या आकड्यातून वजा करायचा."

"माह्या नावाचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

मारोतरावाचं तोंड उतरलं. पलीकडे जागेश्वर गालात हसत होता. मारोतरावानं त्याच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"पण याचा आकडा कमी होईन ना?"

"होईल."

"मंग दोन लावा, साहेब."