लाल दोऱ्याची शेपटी

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. रूपाच्या नावानं आनंदच आहे. मधे भोक पडलेली काळी चकती, एका बाजूला उडालेला टवका आणि कडेनं थोडा गंज. मला डोळे नाहीत, पण ऐकू फार छान येतं, कारण माझं अर्धं आयुष्य एका रेडिओच्या पोटात गेलं. आणि लोखंड तर मला न बघताच कळतं. ते जवळ आलं की माझ्या अंगात ओढ सुटते. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. ती ऐकताना पाय जरा वर घेऊन बसा. का, ते शेवटी कळेल.

एका कारखान्यात काळ्या भुकटीपासून मला दाबून बनवलं, भट्टीत भाजलं आणि मग एका यंत्रात धरून माझ्यात ताकद भरली. तिथून मी रेडिओच्या स्पीकरमध्ये गेलो. बातम्या, गाणी, नाटकं, सगळं माझ्या पाठीवरून जायचं आणि मी त्याला बाहेर ढकलायचो. पुढे रेडिओचा आवाज घोगरा झाला, मग बंदच पडला. दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडला, हळहळले आणि मला पेचकसानं वेगळं काढलं.

रेडिओ ज्यांचा होता त्या बाईंना ते म्हणाले, "याचा घसा गेला ताई, पण चुंबक अजून दमदार आहे. शिवणकाम करता ना? घेऊन जा. घरात पडलेली सुई झाडूला सापडत नाही, पायाला सापडते."

असा मी ताईच्या घरी आलो. तिला सगळी गल्ली ताईच म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

ताईची शिवणाची खोली म्हणजे खरं तर बंद करून घेतलेली गॅलरी. मशीन, एक टेबल आणि एक स्टूल ठेवलं की उरलेल्या जागेत माणसानं आडवं व्हायचं की उभं राहायचं, एवढाच प्रश्न. त्यात कापडांचे ढीग, कापसाच्या गुंडाळ्या, चिंध्यांची गाठोडी, बाटलीत बटणं आणि खिळ्याला टांगलेली मोठी कात्री. ताईचा नवरा गमतीनं म्हणायचा, "या खोलीत मी एकदा गेलो होतो. अजून पूर्ण बाहेर आलेलो नाही." कावळ्याचं घरटंही जरा नेटकं असतं असं लोक बोलायचे. ताई हसायची. तिचा हात मात्र न बघता जिथल्या तिथं जायचा. माझी जागा मशीनच्या पायाला होती. माझ्या भोकातून एक नाडी ओवलेली होती आणि मी त्या लोखंडी पायाला सुखानं चिकटून असायचो.

खोलीत पसारा होता, पण ताईचे नियम कडक होते. हातानं टाके घालताना मधेच उठायचं झालं, तर सुई कापडात रोवायची आणि तिच्या नेढ्यात वीतभर लाल दोरा लोंबता ठेवायचा. गोधडी कुठल्याही रंगाची असो, ही शेपटी लालच. लाल शेपटी दिसली की समजायचं, इथे सुई आहे. सुई मोडली तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत ताई जागची उठत नसे. तुकडे तळहातावर जुळवून बघायची आणि मगच औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकायची. शेवटचा नियम माझा होता. कुठलीही गोधडी उंबरा ओलांडण्याआधी तिच्यावरून मी दोन्ही बाजूंनी फिरायचो.

एकदा एका आजोबांची जुनी गोधडी उसवली म्हणून दुरुस्तीला आली होती. ताईनं सवयीनं मला फिरवलं आणि उशाकडच्या बाजूला मी खाडकन ओढला गेलो. आतून गंजलेली आख्खी सुई निघाली. आजोबा कित्येक वर्षं तिच्यावर मान ठेवून झोपत होते. त्या दिवशी ताईनं मला पदरानं पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "घरात सगळ्यात कमी बोलतो आणि सगळ्यात जास्त कामाचा आहे." नवऱ्यानं हा टोमणा आपल्याला आहे हे ओळखलं, पण तोही हसला. मला फार बरं वाटलं. ते दिवस आठवले की अजूनही वाटतं.

मग ताईची धाकटी बहीण नोकरीच्या निमित्तानं राहायला आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथे प्रत्येक गोळीला आपला खण असतो. तिला ताईची ही खोली बघवत नसे. ती वाईट नव्हती हं, मित्रांनो. ताईचा पाय एकदा कापडाच्या गाठोड्यात अडकला आणि ती पडता पडता वाचली, तेव्हापासून धाकटीच्या मनानं घेतलं होतं की ही खोली आपण एकदा लावून द्यायची.

ती संधी लवकरच आली. ताईच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि ताई येणाऱ्या बाळासाठी दुपटं शिवत होती. मऊ जुन्या कापडांचं, हातानं टाके घातलेलं. एक कोपरा तेवढा बाकी होता. तेवढ्यात जावयाचा फोन आला, लेकीला दवाखान्यात नेलंय. ताईनं सुई त्या कोपऱ्यात रोवली, लाल शेपटी सोडली आणि होती त्या साडीवर निघाली.

दुसऱ्याच दिवशी धाकटीनं सुट्टी काढली आणि पदर खोचला. एकसारखे प्लॅस्टिकचे डबे आणले. कापडं रंगांप्रमाणे घड्या होऊन बसली. बटणं, रिळं, सुया, सगळ्यांना घर मिळालं. प्रत्येक डब्यावर तिनं स्टेपलरनं नावाची चिठ्ठी ठोकली. खोली मोठी झाल्यासारखा आवाज घुमायला लागला. ताईचा नवरा दारातून म्हणाला, "इथे फरशी पण आहे होय?"

"भाऊजी, नुसतं बघू नका. ते गाठोडं उचला."

मग तिनं दुपटं हातात घेतलं. "काय हे, दोरे लोंबतायत," ती स्वतःशीच म्हणाली आणि कात्री वाजली. कच्च. आता सुईला शेपटी उरली नाही. घडी घालताना सुई कापडाआड सरकली आणि कापसात आडवी झाली.

तेवढ्यात फोन आला. फोनच्या पोटातही माझ्यासारखाच एक चिमुकला चुंबक असतो, म्हणून मला पलीकडचंही ऐकू आलं. ताई होती. मुलगी झाली होती. दोघी बहिणी हसत होत्या, रडत होत्या. शेवटी ताई म्हणाली, "दुपटं तेवढं राहिलं गं माझं."

"तू नको काळजी करू. मी बघते."

फोन कानाला धरूनच तिनं मला मशीनच्या पायावरून ओढून काढलं. दुपटं तिच्या खांद्यावर होतं. मित्रांनो, मला सुई कळली. माझ्या अंगात ओढ सुटली आणि मी त्या कोपऱ्याला जाऊन घट्ट चिकटलो. माझ्याकडे एवढीच एक भाषा आहे आणि तिच्यात मी ओरडत होतो. धाकटीनं हिसका देऊन मला सोडवलं. "कशालाही चिकटतो मेला," ती म्हणाली. तिनं मला पत्र्याच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि डबा कपाटावर ठेवून दिला. रेडिओचं भंगार कोण दर्शनी ठेवील? पत्र्याला चिकटल्यावर माझी सगळी ताकद त्या पत्र्यातच अडकून पडली.

खाली मशीन सुरू झालं. ताईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून धाकटी दुपटं पूर्ण करत होती. मशीन छान चाललं होतं. कोपऱ्याशी एकदा टक्क असा आवाज आला. मशीन थांबलं. मी वाट बघितली. तिनं मशीनची सुई तपासली असावी. ती शाबूत होती, म्हणून ती निश्चिंत झाली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

काही दिवसांनी ताई, लेक आणि बाळ घरी आली. बाळासाठी ते दुपटं आधीच अंथरलेलं होतं. खोली बघून ताई म्हणाली, "अगं, केवढं केलंस!" मग दुपट्यावर हात फिरवून तिनं विचारलं, "कोपरा तू शिवलास?"

"मग काय! मशीनवर. आवडलं?"

"आवडलं गं."

त्या दोन शब्दांच्या मागे एक शंका होती. ती मला डब्यातून ऐकू आली, पण तिनं विचारली नाही. बहिणीनं हौसेनं, जीव ओतून केलेलं काम. त्यात लगेच खोट कशी काढायची? दिवसातून कितीदा तरी ती खोलीत यायची. तिचा हात मशीनच्या पायाकडे जायचा आणि तिथे काही नसायचं. मग ती दोन डबे उघडून बघायची आणि परत जायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा तिचा कळसा तिच्या डोक्याच्या वर, कपाटावर बसला होता.

इकडे बाळ रडायला लागलं. मांडीवर घेतलं की गप्प, खाली ठेवलं की रडायचं.

"हिला मांडीची सवय लागली," ताईचा नवरा म्हणाला.

"पोट दुखत असेल," धाकटी म्हणाली आणि दुकानातून औषध घेऊन आली.

बाळ औषध प्यायलं. खाली ठेवल्यावर पुन्हा रडलं. घरातल्या प्रत्येकाकडे कारण होतं. खरं कारण माझ्याकडे होतं आणि माझ्यावर झाकण होतं.

एका सकाळी आंघोळ घालताना लेक म्हणाली, "आई, हिच्या पाठीवर हे लाल काय उठलंय? डास चावला का?"

बाहेर पाणी ओतल्याचा आवाज थांबला. मग ताईची पावलं धावत खोलीत आली. इतक्या वर्षांत मी तिला धावताना कधी ऐकलं नव्हतं.

"चुंबक कुठाय?"

"तो गंजका? वर पत्र्याच्या डब्यात आहे," धाकटी म्हणाली. "का गं?"

"दुपट्याच्या कोपऱ्याला लाल दोरा होता. तो काय केलास?"

 धाकटी म्हणाली, "लोंबत होता."

ताईनं मला काढलं आणि दुपट्यावर धरलं. मला शोधावं लागलंच नाही. कोपऱ्यापाशी मी असा ओढला गेलो की तिच्या हाताला झटका बसला. तिनं तिथले टाके उसवले. सुई निघाली. नेढ्यात लाल दोऱ्याचा कण तसाच होता. ताईनं ती तळहातावर घेतली.

सुई अर्धीच होती.

"टोक कुठाय?" ताई हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग ताईनं लेकीच्या हातातल्या बाळावरून मला फिरवलं. पाठ, मान, चिमुकले पाय. मित्रांनो, आयुष्यभर मी ओढायची वाट बघत आलो. त्या वेळी पहिल्यांदा मनात म्हटलं, आज ओढ नको, काही झालं तरी नको. मी ओढला गेलो नाही. पण मी म्हातारा, माझा टवका उडालेला. माझ्यावर तरी किती भरवसा ठेवायचा? त्यांनी बाळाला दवाखान्यात नेलं, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आत काही नाही, पाठीवर नुसती टोचल्याची खूण आहे. घरी आल्यावर सगळे रडले. मग शोधायला लागले.

दुपट्याचा टाका न् टाका उसवला. कापूस पिंजून बघितला. गाद्या झटकल्या, एकूण एक डबा उलटा केला. धाकटीनं लावलेली खोली धाकटीनंच विस्कटली. नावांच्या चिठ्ठ्या फरशीवर पडल्या. टोक सापडलं नाही. मशीनपासून बाळाच्या अंथरुणापर्यंत त्या दुपट्याच्या कितीतरी घड्या झाल्या होत्या, कितीदा तरी ते झटकलं होतं. टोक कुठेही उडालं असेल.

त्याला आता पुष्कळ महिने झाले. मी पुन्हा मशीनच्या पायाला असतो. लेक कामावर जाते आणि बाळ दिवसभर ताईकडे असतं. रोज सकाळी धाकटी माझी नाडी धरून गुडघ्यांवर सगळं घर फिरते. ताई तिला म्हणते, "पुरे गं, किती दिवस स्वतःला छळशील?" धाकटी ऐकत नाही. औषधाच्या बाटलीशेजारी ती अर्धी सुई अजून ठेवलेली आहे, जोडीची वाट बघत.

आज सकाळी मी ओढला गेलो. टक्क. धाकटीनं मला खिडकीशी नेलं आणि ताईला हाक मारली. दोघींनी बघितलं. ती डब्यावरच्या चिठ्ठीची स्टेपलरची पिन निघाली. धाकटीनं ती काढली, डोळे पुसले आणि मला परत फरशीवर ठेवलं.

मित्रांनो, आवरायला माझी ना नाही. पसाऱ्यात पाय अडकतो, हेही खरंच आहे. पण दुसऱ्याची वस्तू जागची हलवण्याआधी ती तिथे का आहे, एवढं त्याला विचारा. वेडीविद्री वस्तू दिसली तर ती काय काम करते ते विचारा. आणि दोरा लोंबताना दिसला, तर कात्री लावण्याआधी बोटानं हळूच ओढून बघा, दुसऱ्या टोकाला काय आहे ते.

बस्स, एवढंच सांगायचं होतं. आता थांबतो, कारण बाळ जागं झालंय. गेल्या आठवड्यापासून ते रांगायला लागलंय. तळहात फरशीवर आपटत या खोलीकडेच येतंय, ऐका, चप, चप, चप. धाकटी, जरा लवकर. टेबलाखालचा कोपरा अजून राहिलाय.