क्षितिजाच्या कॉलेजचं टेंडर

सुखदेवने लोणच्याची बरणी उचलून ओट्यावर ठेवली, जेवणाचं टेबल पुसलं आणि तीन खुर्च्यांसमोर निकष छापलेले तीन कागद मांडले. प्रत्येक कागदाशेजारी एक पेन.

"आपसात बोलायचं नाही," तो म्हणाला. "प्रत्येकाने आपापले मार्क द्यायचे. मग बेरीज."

"सिरियसली, पप्पा?" क्षितिजा म्हणाली.

"सरकार असंच करतं."

कॅनबेरातलं सरकार काय करतं हे सुखदेवला पुरतं ठाऊक होतं. सोळा वर्षं तो एका खात्यात टेंडरं तपासत होता. खुर्च्या असोत की सॉफ्टवेअर. निकष ठरवायचे, प्रत्येकाला टक्के द्यायचे, मार्क मांडायचे, की उत्तर आपसूक खाली उतरतं. पण गेले तीन आठवडे कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या त्याच्या घरात असा एक प्रश्न ठाण मांडून बसला होता, की त्याला कुठून हात घालावा तेच त्याला उमगत नव्हतं.

त्याच्या लेकीला चित्रं काढायची होती, इमारती कशा उभ्या राहतात ते शिकायचं होतं आणि उंच उडीही सोडायची नव्हती. इथली युनि, म्हणजे कॅनबेराची युनिव्हर्सिटी, म्हणत होती, आर्किटेक्चर घे आणि बाकीचं वेळ मिळेल तसं कर. अमेरिकेत ओहायोमधलं एक छोटं कॉलेज म्हणत होतं, तिन्ही घे. सकाळी स्टुडिओ, दुपारी आर्किटेक्चर, संध्याकाळी मैदान. एक मेपर्यंत उत्तर कळवायचं होतं आणि हातात आठ दिवस होते.

"पण शेवटी डिग्री कशाची?" सुखदेवने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"लिबरल आर्ट्स."

"म्हणजे कशाची?"

तिने ते चारदा समजावलं. चारही वेळा त्याने मान डोलावली आणि चारही वेळा सगळं डोक्यावरून गेलं. नागपुरात बारावीनंतर त्याने सिव्हिल धरलं ते धरलं. तीन दगडांवर पाय ठेवून शिकणारं त्याच्या घराण्यात कुणी नव्हतं.

खरं म्हणजे डिग्री हे निमित्त होतं. साल २०२१ होतं आणि कोरोनामुळे ऑस्ट्रेलियाने स्वतःला आतून कडी लावून घेतली होती. बाहेर पडायला सरकारची परवानगी लागायची आणि परत यायला नशीब. गेल्या सप्टेंबरात त्याची आई नागपुरात गेली, ती त्याने फोनच्या पडद्यावर पाहिली. आता तर तिकडून रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती. पोरीला ऑगस्टमध्ये पाठवलं तर पुन्हा कधी दिसेल, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. पण समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. शंभर वर्षांपूर्वी बोटीने समुद्र ओलांडून अमेरिकेला शिकायला गेलेल्या माणसासमोर उभं राहून लेकीला 'नको जाऊस' म्हणायची त्याची टाप नव्हती. म्हणून त्याने टेंडर काढलं.

वीस मिनिटं गेली. मग त्याने कागद गोळा केले. बायकोच्या, नलिनीच्या, कागदावर एकही मार्क नव्हता. त्याने तो बाजूला ठेवला आणि क्षितिजाच्या मार्कांची बेरीज केली. युनि त्र्याऐंशी. ओहायो एकेचाळीस.

त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याने बेरीज पुन्हा केली. तेवढीच आली.

"तुला युनि हवीय?"

"मार्क्स तसेच येतात ना."

"पण स्टुडिओला तू ओहायोला दहापैकी दहा दिलेस. मैदानाला दहा. आर्किटेक्चरला नऊ."

"हो, पण ते तिन्ही मिळून थर्टी पर्सेंटच आहेत, पप्पा."

नलिनीने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

"परत येण्याची खात्री, चाळीस टक्के," तिने वाचलं. "घरापासूनचं अंतर, वीस. जेवण, दहा." तिने चष्मा वर सरकवला. "अहो, हे टेंडर एकाच पार्टीला डोळ्यांसमोर ठेवून काढलंय. नागपुरातल्या ठेकेदारांना जन्मभर शिव्या घालता, आणि घरात हे?"

नेमक्या याच कारणासाठी सुखदेवने आजवर दोन जणांच्या फायली परत पाठवल्या होत्या. टक्के भरताना आपण असं काही करतोय हे आपल्याला कळलं होतं की नव्हतं, हेही आता त्याला सांगता येईना.

"इट्स ओके," क्षितिजा म्हणाली. "मी युनिला जाते. नो वरीज."

ते तिने इतकं सहज म्हटलं की त्याला भडभडून आलं. त्याने स्वतःचा कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: या निर्णयात माझा स्वार्थ गुंतलेला आहे. मी समितीतून बाहेर पडत आहे. खाली सही केली, तारीख टाकली आणि जॅकेट उचललं.

"आता कुठे?" नलिनीने विचारलं.

"ऑफिसात अशा माणसाने खोलीत थांबायचं नसतं."

बाहेर डोंगराकडून बोचरा वारा येत होता. तो फाटकापाशी, पत्रांच्या डब्याजवळ जाऊन उभा राहिला. शेजारचा म्हातारा कुत्र्याला घेऊन चालला होता, तो थबकला.

"लॉक्ड आउट, मेट?"

"नो, नो. मीटिंग," सुखदेव म्हणाला.

म्हाताऱ्याने रिकाम्या अंगणाकडे पाहिलं आणि तो पुढे गेला. सुखदेवने खिडकीकडे पाठ केली. आत बघितलं असतं तर चेहऱ्यांवरून अंदाज बांधला असता, आणि त्याला आता अंदाज नको होता. त्याची बोटं गारठली. आत किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही.

दार उघडलं. क्षितिजा एका हातावर लॅपटॉप तोलत, मोज्यांवरच बाहेर आली. तिचे डोळे लाल होते.

"पप्पा, देशाबाहेर जायच्या परमिशनचा फॉर्म आहे. एका ठिकाणी अडलंय."

सुखदेवने खिशातून चष्मा काढला.

"कुठे?"

"रिटर्न डेट. मॅन्डेटरी आहे, रिकामी सोडू देत नाही. आणि मला खरंच माहीत नाही."

आयुष्यात सुखदेवने कुठल्याही फॉर्मवर अंदाजाने तारीख टाकली नव्हती, दुसऱ्या कुणाला टाकू दिली नव्हती. त्याने तो रिकामा चौकोन नीट पाहिला.

"टाक एखादी," तो म्हणाला. "बदलत राहू."