मंथनची तीनचाकी

रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात, हा पाऊण तास मंथन माझा असायचा. उरलेला दिवस तो माझ्या धाकट्या जावेचा, दिपालीचा. ती पोलीस भरतीसाठी पळायला जायची आणि जाताना लेकरू माझ्या कडेवर टाकून जायची. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. तिला दुसऱ्याच वर्षी पोरगा, तोही गोरागोमटा, खालचे दोन दात दाखवून हसणारा. जळायचे मी तिच्यावर, खोटं कशाला सांगू. पण त्या पाऊण तासासाठी गोड बोलायचे.

ही २००७ सालची गोष्ट. आमच्या शेणवे गावात तेव्हा सून पॅन्ट घालून पळते म्हटल्यावर बघायला माणसं दारात यायची. मुरबाडला भरतीची तयारी करून घेणारे एक सर होते. त्यांनी दिपालीला बजावलं होतं, तीन किलोमीटरात दोन मिनिटं कमी कर, नाहीतर अर्ज भरू नकोस. वयामुळे तिला ही एकच भरती उरली होती. म्हणून आता संध्याकाळीही पळायचं, असं ती म्हणाली. मी मनातल्या मनात मांडे खाल्ले, की आता आणखी पाऊण तास मिळणार. तर तिने पेपरातून कापलेला एक फोटो माझ्यापुढे धरला. त्यात एक गोरी बाई तीन चाकांच्या गाडीत बाळ बसवून पळत होती.

"ताई, असली गाडी घेतली का मंथनला मी संगतीच नेईन. तुमाला त्रास नको."

"मला कसला गो त्रास?"

"तसं नाय, पण तुमची कामं अडतात."

माझी कुठली कामं अडली होती ते मला तरी आठवेना. माझा दीर दीपेश म्हणाला, वाशिंदला नव्या बिल्डिंगींपाशी लहान पोरांच्या सामानाचं दुकान झालंय, तुमी दोघी जाऊन बघा. मी लगेच पदर खोचला. आपण बरोबर असलो म्हणजे कुठली गाडी घ्यायची ते आपल्या हातात राहील, एवढा हिशोब मला येत होता. मंथनला खांद्यावर घेतलं आणि जीपमध्ये बसले. तो वाशिंद येईपर्यंत माझ्याच खांद्यावर झोपला. दिपाली मधून मधून त्याच्याकडे बघायची आणि मी त्याची टोपी उगाच सारखी करायची.

दुकानात दोन गाड्या होत्या. एक गुलाबी, झालरीच्या छपराची, बारक्या चार चाकांची. तिच्यात बाळाचं तोंड ढकलणाऱ्या माणसाकडे. दुसरी काळी, तीन चाकांची, चाकं सायकलसारखी हवेची, हँडलला ब्रेक आणि मनगटात अडकवायचा पट्टा. ती परदेशातून परतलेल्या कुणीतरी विकायला ठेवली होती. तिच्यात बाळाचं तोंड पुढे, रस्त्याकडे.

"पळायचं असेल तर ही काळी," दुकानदार म्हणाले. "बाळ मान धरतं ना? बसतं ना? मग काही भीती नाही."

मी गुलाबी गाडीची झालर चाचपली. आमच्या रस्त्याची खडी मला ठाऊक होती. ही बारकी चाकं पहिल्या वळणाला रुतणार, चार दिवसांत गाडी माळ्यावर जाणार आणि मंथन माझ्या कडेवर येणार.

"ही घे गो दिपाली," मी म्हणाले. "पळता पळता लेकाचं तोंड तरी दिसंल. त्या काळीत काय दिसणार, छप्पर?"

दिपाली विचारात पडली. माझा बाण बरोबर लागला होता. दुकानदारांनी गुलाबी गाडी पुढे ओढली आणि किती हलकी आहे ते दाखवायला रिकामीच पुढे-मागे हलवायला लागले.

आम्ही दोघींनी एकाच वेळी हँडल धरलं. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गाडी झाली म्हणून काय झालं, तोही पाळणाच. दुकानदार ओशाळले आणि म्हणाले, मग बाळालाच बसवून बघा. आता मंथनला माझ्या खांद्यावरून उतरवणं आलं.

दिपालीने त्याला माझ्याकडून घेतलं आणि गाडीत बसवलं. दुकानाबाहेर रस्त्यावर तिने गाडी दहा पावलं नेली असेल नसेल, गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं. मंथन दचकून जागा झाला. डोळे उघडले तर समोर त्याची आई. तिच्याकडे न बघता त्याने मान वळवली, मला शोधलं, दोन्ही हात माझ्याकडे केले आणि रडत म्हणाला, "आई."

तो असं म्हणायला लागला होता ते मला ठाऊक होतं. आठ दिवस झाले होते. मी त्याला शिकवलं नव्हतं, पण थांबवलंही नव्हतं. रोज सकाळी तो तसं म्हणायचा आणि मी दार लोटून घ्यायची.

दिपालीच्या हातातलं हँडल सुटलं. मी मंथनला उचलून घेतलं, तो गप्प झाला आणि त्यानेच तिला जास्त लागलं.

"म्हणून मला गाडी पायजे, ताई," ती म्हणाली. "तुमाला त्रास होतो म्हणून नाय. घरात शिरताना मी दारामागून ऐकलंय. मला तो अजून काय म्हणत नाय. मी पळून येते, घामाने भिजलेली, तर माझ्याकडे येतपण नाय."

आजवर मला वाटायचं, जळायचं काम ते एकट्या माझं. ही माझ्यावर जळते हे ऐकून मला दोन घटका राणी झाल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. जिंकलेल्या माणसाला मन मोठं करणं जड जात नाही, म्हणून मीच मंथनला काळ्या गाडीत बसवलं. पट्टे आवळले. दिपालीने ढकलली तशी मोठी चाकं त्याच जाळीवरून अलगद गेली आणि मंथन वाऱ्याला तोंड उघडून हसला.

"हीच घे," मी म्हणाले. "गुलाबी आपल्या रस्त्याला चालायची नाय. मला मघाशीच ठाऊक होतं."

दिपालीने माझ्याकडे बघितलं. मग तिने पैसे मोजले.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याला घेऊन पळायला लागली. माझा पाऊण तास रिकामा झाला. दोन दिवस चूल फुंकत काढले. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. गाडीत त्याचं तोंड पुढे असतं, म्हणजे ढकलणारीला नुसतं छप्पर आणि वाटेत पुढे उभी असेल तिला लेकरू. मी दुधाचा डबा घेतला आणि लवकरच जाऊन पुलापाशी उभी राहिले. लांबून मंथनने मला ओळखलं. हात वर केले, "आई" म्हणाला. दिपालीने पायांचा वेग असा वाढवला की मला त्याच्या गालाला हातही लावता आला नाही.

मी रोज जागा बदलायची. कधी पूल, कधी शाळा, कधी विहीर. मी दिसले की ती भन्नाट सुटायची. वीस दिवसांनी ती मुरबाडला सरांकडे जाऊन आली आणि जेवताना दीपेशला म्हणाली, दीड मिनिट कमी झालंय. कशामुळे ते मी सांगितलं नाही, तिनेही नाही.

एका सकाळी ती पुलापाशी माझ्यासमोर थांबली. धापा टाकत तिने मनगटातला पट्टा सोडला आणि माझ्या मनगटात अडकवला.

"आता तुमी ढकला, ताई. मी पुढं पळते. अर्धं मिनिट राहिलंय अजून."

माझी मती एवढी चालते तर तिची चालणार नाही का? मी नाही म्हणू शकले असते. पण हँडल हातात आलं होतं, आतमध्ये मंथन होता, आणि नाही म्हटलं तर तेवढंही गेलं असतं. मी साडी खोचली आणि पळायला लागले. आयुष्यात शेतातली गुरं हाकलण्यापलीकडे मी कधी पळले नव्हते. दिपाली पुढे वीस पावलांवर होती. मला फक्त काळं छप्पर दिसत होतं.

शाळेच्या अलीकडे छपराखालून आवाज आला, "आई."

दिपालीने पळता पळता मागे वळून ओ दिली. माझ्या तोंडाशी आलेली ओ मी गिळली आणि गाडी ढकलत राहिले.