वचन उघडण्याचं बटण

माझ्या भावाला काही म्हणजे काही टाकवत नाही. त्याच्या कपाटात बंद पडलेली तीन घड्याळं आहेत, टेबलाच्या खणात सुकलेली पेनं आहेत, आणि त्याच्या लॅपटॉपवर बायबल अभ्यासाचं जे सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या आवडीच्या यादीत सहाशे बारा वचनं आहेत. त्यांतली शंभरएक दोनदा आणि काही तर तीनदा. फोल्डरांची नावं अशी: ‘महत्त्वाचं’, ‘फार महत्त्वाचं’, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर दोन’, ‘बघू’. मी सत्तावीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करते आहे. ‘बघू’ बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ पाळक आहे. आमची मंडळी लहानशी, दीडशे माणसांची. प्रार्थनागृहाच्या मागच्या अंगाला त्याची खोली: एक टेबल, तीन खुर्च्या, एक खिडकी, आणि पुस्तकांचं एक कपाट, जे मी लावते आणि तो विस्कटतो. मंडळी त्याला पाळकसाहेब म्हणते, मी दादा म्हणते. तो मला मुंगी म्हणतो, कारण पाचव्या वर्षीसुद्धा मी घरातल्या चपला लहान-मोठ्या मापानं ओळीत लावायचे.

त्या शनिवारी दुपारी त्यानं मला बोलावून घेतलं. जुना लॅपटॉप आचके देत होता, नवा आणला होता, आणि नव्यावर त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होती.

“मुंगी, तेवढी आवडीची यादी नव्यात नेऊन नीट लावून दे,” तो म्हणाला. “शॉर्टकट राहू देत. ते माझे मी बघतो.”

“का? त्यांना काय सोनं लागलंय?”

“तुला नाही कळायचं त्यातलं.” छत्री घेऊन तो एका आजारी सभासदाला भेटायला निघाला. “पाचच्या आत येतो. पाचला नर्स यायचीय, वचन उघडायला.”

वचन उघडणं ही आमच्या मंडळीची रीत. दुसरीकडे कुठे असेल तर मला ठाऊक नाही. कुणापुढे मोठा प्रश्न असला, नोकरी बदलायची, घर सोडायचं, लग्नाला हो म्हणायचं की नाही, तर त्यानं पाळकांच्या खोलीत यायचं. दोघांनी प्रार्थना करायची. मग त्या सॉफ्टवेअरमधलं ‘वचन उघडा’ हे बटण आलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं दाबायचं. सबंध शास्त्रातून कोणतंही एक वचन पडद्यावर येतं. ते मोठ्यानं वाचायचं, आणि तेच उत्तर. दादा त्या वेळी खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की त्याचा हात लागला. या त्याच्या पाठमोरं उभं राहण्याचं मला फार कौतुक होतं. इतका मोठा मान असूनही माणूस बाजूला सरतो, असं मी म्हणायचे.

दीड तासात मी सहाशे बाराची चारशे ऐंशी केली. दुःख, आजार, लग्न, बारसं, मृत्यू, लेकरं, कृतज्ञता, अशी फोल्डरं केली, आत पुस्तकांच्या क्रमानं वचनं लावली. ‘बघू’ पुसून टाकलं आणि मला भाकरी पोटभर खाल्ल्यासारखं वाटलं. मग सगळं नव्या लॅपटॉपवर पाठवायचं बटण दाबलं. शॉर्टकटांना मी हात लावला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण नव्या आवृत्तीला दादाच्या सूचना ठाऊक नव्हत्या. तिनं तेही सोबत ओढून आणले आणि पडद्यावर एक चौकट आली: बारा शॉर्टकटांचं नाव आणि चित्र मूळ बटणासारखंच आहे. यांपैकी कोणते ठेवायचे?

खाली यादी. बारा ओळी, बाराही ओळींत ‘वचन उघडा’. प्रत्येकीपुढे उघड्या पुस्तकाचं तेच चित्र, बनवल्याची तारीख, आणि तो शॉर्टकट कोणत्या वचनावर जातो ते.

मला आधी वाटलं, झाला नेहमीचा गोंधळ, एकच गोष्ट बारा वेळा. हसूसुद्धा आलं. पण मग लक्षात आलं, की मूळ बटण कुठल्याच ठरलेल्या वचनावर जात नाही. आणि यांतलं प्रत्येक एका ठरलेल्या वचनावर जात होतं. मूळ बटणाच्या जागी यांतलं एखादं ठेवलं, तर दाबणाऱ्याला फरक कळला नसता.

मी तारखा वाचायला लागले. तारखा लक्षात राहणं हा माझ्या धंद्याचा रोगच आहे. पहिली तारीख सुताराची. त्याला दुसऱ्या मंडळीत जायचं होतं, त्यानं वचन उघडलं आणि तो थांबला. दुसरी विधवा मास्तरीणबाईंची, त्यांना पुन्हा लग्न करायचं होतं. तिसरी लक्षात येईना. चौथी माझी.

चौदा वर्षांपूर्वीचा एक गुरुवार. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते.

तो नकाशांच्या कचेरीत कामाला होता आणि जुने नकाशे बघायला ग्रंथालयात यायचा. आमच्यात त्याचं नाव नकाशावाला पडलं. बोलायचा कमी, पण पुस्तक घेतल्या जागी परत ठेवायचा, आणि असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याची बदली झाली, समुद्राकाठच्या एका गावी, आठ तासांच्या अंतरावर. जाण्याआधी त्यानं मला विचारलं. नीट, सरळ, ग्रंथालयाच्या पायरीवर उभं राहून. तिथंही ग्रंथालय आहे, असंही सांगितलं. मी त्याच्याकडे चार दिवस मागितले.

बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. दादा म्हणाला, तुझं तू ठरव, मी कोण सांगणारा, आपण वचन उघडू. मी हात जोडले. बटण मीच दाबलं. आहेस त्याच जागी राहा, अशा अर्थाचं ते वचन होतं. मी मोठ्यानं वाचलं आणि माझा आवाज मध्येच बसला. दादा खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. मग वळला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचेही डोळे भरून आले होते.

शॉर्टकट बुधवारी बनवलेला होता. आदल्या दिवशी.

मी त्या ओळीवर माउसचा बाण नेला. शॉर्टकटासोबत एक टीप लिहायची सोय असते, ती उघडली. दादानं लिहिलं होतं: ‘मुंगी. राहायला हवी. आधीचं वचन फार कठोर वाटलं, घाबरेल. हे बरं.’

म्हणजे त्यानं निवडून बघितलं होतं. चहा पीत बसला असेल याच खुर्चीत. हे लावून बघ, ते लावून बघ, तिला कितपत सोसेल. माझ्या सख्ख्या भावानं केसानं माझा गळा कापला होता आणि कापताना मला दुखू नये म्हणून काळजीही घेतली होती. ती काळजी वाचूनच मला जास्त संताप आला. मी उठले, खिडकी उघडली, पुन्हा बंद केली. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून टेबलावरची पेनं उचलून एका बाजूला लावली आणि मग स्वतःचाच राग येऊन विस्कटून टाकली.

बारावी ओळ त्या दिवशीच्या सकाळची होती. टीप: ‘नर्स. जाऊ देऊ नये. म्हाताऱ्यांचं कोण बघणार?’

साडेचारला दादा आला. छत्री कोपऱ्यात ठेवली, माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

“शॉर्टकटना हात लावू नको म्हटलं होतं तुला,” तो म्हणाला.

“एवढंच बोलायचंय तुला?”

तो खुर्चीत बसला. बराच वेळ चष्मा पुसत राहिला. “बाबांना कोण बघणार होतं, मुंगी?”

“मग तसं म्हणायचं होतंस. ‘राहा’ म्हणायचं होतंस. तोंड नव्हतं तुला?”

“आणि तू राहिली असतीस?”

“राहिले असते.”

“राहिली असतीसही. पण उठता-बसता ऐकवलं असतंस मला. देवानं सांगितलं की माणूस कुरकुर करत नाही.” हे तो इतक्या शांतपणे बोलला, की मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. “आणि वचन काय खोटं होतं? शास्त्रातलंच होतं ना?”

“दादा, बाबा तीन वर्षांनी गेले. त्याला अकरा वर्षं झाली.”

“तेव्हा तू काही विचारलं नाहीस मला.”

“कुणाला विचारणार होते? देवानं राहायला सांगितलं होतं ना!”

उठून तो माझ्या खुर्चीजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “दीडशे माणसांत बारा वेळा. तेही पंधरा-सोळा वर्षांत. बाकीच्या वेळी खरंच बटण होतं. हे बाहेर गेलं तर मंडळी फुटेल. आणि एक सांगू? तुला खरंच जायचं असतं, तर तू बटण दाबायला आलीच नसतीस.”

हे मात्र वर्मी लागलं. कारण चौदा वर्षांत कधीकधी मीही स्वतःला हेच म्हटलं होतं.

दार वाजलं. नर्स पाच मिनिटं आधीच आली होती. एकतिसाव्या वर्षातली मुलगी, कामावरून थेट आलेली, पायात पांढरे बूट. मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची इंजेक्शनं आणि जखमा तीच बघते, आणि त्यासाठी कुणाकडून काही घेत नाही. दूरच्या मोठ्या इस्पितळानं तिला शस्त्रक्रियेच्या विभागात दोन वर्षं शिकायला बोलावलं होतं. उत्तर सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

“ये,” दादा म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा पाळकसाहेबांचा झाला होता. “मुंगी, तू जरा बाहेर थांब.”

मी उठले नाही.

“थांबू दे ना ताईंना, पाळकसाहेब,” नर्स म्हणाली. “त्यांच्यामुळेच तर आलेय मी.” मग माझ्याकडे वळून जराशी लाजली. “मी सरळ हो कळवणार होते. पण मागे तुम्ही बायकांच्या सभेत सांगितलं होतंत ना, तुमचं? की तुम्हाला जायचं होतं, पण वचन उघडलं आणि मन एकदम शांत झालं. त्या रात्री मी घरी जाऊन रडले होते. म्हटलं, आपणही ताईंसारखं विचारून करावं.”

मी दादाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. ती साक्ष मी बायकांच्या सभेत निदान सात-आठ वेळा दिली असेन. दर वेळी त्यानंच सुचवलं होतं, आज तू बोल, मुंगी, तुझं ऐकून लोकांना बळ येतं. त्यानं मला फसवलं होतं एवढंच नाही, त्या फसवणुकीची दवंडी माझ्याच तोंडून पिटवली होती. माझं ऐकून या यादीतले किती जण या खुर्चीत येऊन बसले, ते मला मोजायचंही धाडस होईना.

“बस,” मी नर्सला म्हणाले.

“प्रार्थना आधी ना?”

“प्रार्थना कर हवी तर. बटण दाबू नकोस.” मी पडदा तिच्याकडे वळवला.

“मुंगी,” दादा म्हणाला. एकदाच, हळूच. लहानपणी आईला सांगू नकोस म्हणताना हाक मारायचा, तशी. मला त्याची कीवही आली, खोटं कशाला बोलू. पण मी थांबले नाही. मूळ बटण काय करतं ते तिला सांगितलं, हे बारा काय करतात ते सांगितलं आणि बारावीची टीप उघडून दिली.

तिनं ती टीप दोनदा वाचली. इस्पितळात माणसं वाईट बातम्या ऐकवायलाही शिकतात आणि ऐकायलाही, तिचा चेहरा फारसा हलला नाही. तिनं वर पाहिलं आणि दादाला विचारलं, “हे तुम्ही लिहिलंत?”

दादानं मानेनंच हो म्हटलं. मग खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. सवयच ती.

नर्स पुन्हा यादीकडे वळली. एकेका ओळीवरून तिचं बोट खाली सरकत होतं. “ताई, यातलं तुमचं कोणतं?”

मी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं तारीख वाचली, टीप वाचली, आणि तिचे डोळे आत्ता कुठे भरले. स्वतःची टीप वाचून भरले नव्हते.

“मग सभेत म्हणालात ते, मन शांत झालं म्हणून?”

“झालं नव्हतं,” मी म्हणाले. “व्हायला हवं असं वाटायचं, म्हणून सांगायचे.”

मग तिनं मला जे विचारलं, ते चौदा वर्षांत ना दादानं विचारलं होतं, ना बाबांनी, ना मी हात जोडून ज्याला विचारायला गेले होते त्यानं.

“तुम्हाला जायचं होतं का, ताई?”

खिडकीपाशी दादाची पाठ होती. त्याला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं मी म्हणाले, “हो. खूप.”