बिनपरवाना मयत

सरकारी माणसाचा चेहरा इतका सुतकी असू शकतो हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं, तर माझा नवरा कोठडीत गेलाच नसता. पण कोण सांगणार? आमच्या नाचिपेरेत सरकार येतं ते निवडणुकीला, आणि तेव्हा ते हसत येतं.

त्या मंगळवारी चहाच्या मळ्यापाशी पांढरी गाडी थांबली. काळ्या कोटातला एक उंच माणूस उतरला आणि टोमॅटो विकणाऱ्या बायकांना हळू आवाजात म्हणाला, "इथं रेडिओवाला कुठं राहतो?" काळा कोट, पडलेला चेहरा आणि वर रेडिओची चौकशी! बायका काय समजायचं ते समजल्या. एकीने टोमॅटोवर फडकं टाकलं, दुसरीने कमरेचं कापड नीट केलं, आणि दोघींनी त्याला थेट माझ्या दारात आणून उभं केलं. वाटेत एकीने त्याचा हात धरून "धीर धरा दादा, आपल्या हातात काय असतं?" असंही म्हणून घेतलं. तो गप्प. दुःखाने वाचा बसली असेल, असं वाटलं बिचाऱ्यांना.

जास्तेनी म्हणजे माझा नवरा. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. तीन वर्षांपूर्वी त्याने मोटारीची बॅटरी, मेलेल्या टीव्हीचे अवयव आणि बांबूवर चढवलेली तार यांतून स्वतःचं रेडिओ केंद्र उभं केलं. दोन डोंगरांपलीकडे ऐकू जायचं. त्यावर गाणी नाहीत, राजकारण नाही. फक्त मयताच्या बातम्या.

हसू नका. आमच्याकडे मयताची बातमी न कळणं ही साधी गोष्ट नाही. कबर खणणाऱ्यांना इथं नातू म्हणतात, मग त्यांना स्वतःला नातवंडं का असेनात. हे नातू महा खुनशी. कोण कुणाच्या मातीला आलं नाही, ते सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. तुमच्या घरी माणूस गेलं की ते फावड्यावर हनुवटी टेकवून बसतात आणि म्हणतात, "आज पाठ धरलीय." मग कोंबड्या द्या, पाया पडा, तेव्हा कुठे पाठ सुटते. पलीकडच्या गावांत मोबाइलला रेंज मिळायची तर झाडावर चढावं लागतं. तेव्हा "कळलंच नाही हो" म्हणून माणसं रडायची आणि नातू ऐकायचे नाहीत. जास्तेनीचा रेडिओ आला आणि हा जाच संपला. अर्थात "कळलं नाही" ही सबबही गेली, म्हणून काही आळशी लोकांनी त्याला शिव्याही घातल्या.

परवाना म्हणाल, तर जास्तेनी राजधानीत गेला होता की विचारायला. त्याला फॉर्म मिळाला. संचालक मंडळाची नावं लिहा, स्टुडिओचा नकाशा जोडा, पाच वर्षांच्या कार्यक्रमांची यादी जोडा. आता पाच वर्षांत कोण कोण मरणार ते आधी कसं लिहून द्यायचं? फी तर डॉलरमध्ये. तो फॉर्म घेऊन परत आला आणि मी त्यात मीठ बांधून ठेवलं.

तर तो काळा कोट. जास्तेनीने त्याला खुर्ची दिली, वही उघडली. "कोण गेलं, साहेब?"

माणूस अडखळला. "माझे... काका."

"नाव?"

"रा... राफायेल. राफायेल निरोंगो."

"उत्तरेकडचे दिसतात. मग इथं कसे?"

"मळ्यावर कामाला होते."

"माती?"

"इथंच. उद्या. एक वाजता."

मी आतून मक्याच्या आंबिलीचा पेला आणला. "प्या दादा. रिकाम्या पोटी रडवत नाही." तो नको म्हणाला, मग प्याला. मग दुसराही प्याला.

जास्तेनी बोलायला बसला की त्याचा आवाज बदलतो. घरी मीठ मागताना खेकसणारा माणूस तो, पण तिथं कसा मायेने बोलतो! त्याने नाव वाचलं, गाव वाचलं, वेळ वाचली. आणि वहीत नसलेलं एक वाक्य पदरचं जोडलं : "हे काका परके होते, त्यांचं इथं कुणी नाही. म्हणून जरा जास्तच या."

त्याने बटण बंद केलं तोच माणूस उठला आणि खिशातून ओळखपत्र काढलं. "ग्रेशम निरोंगो. प्रसारण प्राधिकरणाचा निरीक्षक. परवान्याशिवाय प्रसारण करताना तुम्हाला पकडण्यात येत आहे. यंत्र जप्त."

मी म्हटलं, "अहो, पण काका?"

"काका नाहीत, बाई. तो पुरावा होता."

मेल्याने दोन पेले आंबील पिऊन हे सांगितलं.

जास्तेनीला पोलीस चौकीत बसवलं. यंत्राला लाल लाखेचं सील ठोकलं. सार्जंट कालुआ आमच्याच गावचा, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, गुरुवारी शहरातल्या कोर्टात नेणार. पाच वर्षांपर्यंत देऊ शकतात." पाच वर्षं! चोरी नाही, मारामारी नाही, लोकांच्या मेलेल्या माणसांची नावं वाचली म्हणून. गजांपलीकडे जास्तेनी मला एवढंच म्हणाला, "फालेसी, यंत्र उन्हात ठेवू नका म्हणावं." कपाळ माझं!

बुधवारी सकाळी मी त्याचा डबा घेऊन निघाले, तर रस्ता माणसांनी भरलेला. डोक्यावर सरपण, पिठाच्या टोपल्या, काखेत गुंडाळलेल्या चटया. तीन-तीन तास चालून आलेली माणसं. जास्तेनीने मयताचं घर सांगितलं नव्हतं, कारण निरोंगोने ते दिलंच नव्हतं. मग लोकांनी आपलं डोकं चालवलं. पुतण्या कुठे उतरलाय? सरकारी विश्रामगृहात. म्हणजे सुतक तिथं.

साहेब दात घासत दार उघडून बाहेर आले, तर व्हरांड्यात साठ-सत्तर बायका पाय पसरून खाली माना घालून बसलेल्या. त्यांना बघताच सगळ्यांनी एकदम गळा काढला. ब्रश तोंडातच. एका म्हातारीने उठून त्यांना कवटाळलं आणि म्हणाली, "रड रे बाळा, पुरुषाने रडू नये असं काही नसतं." मागच्या अंगणात तोवर तीन चुली पेटल्या होत्या आणि मक्याच्या पिठाचा घट्ट नसिमा शिजणाऱ्या हंड्यांत डाव फिरत होते.

"कुणी मेलेलं नाही!" साहेब ओरडले.

"सुरुवातीला असंच वाटतं," म्हातारी म्हणाली.

शेवटी गावप्रमुख नाम्पुतूबाईंनी त्यांना आंब्याखाली बोलावून घेतलं. बाई बसक्या, जाड, आणि कुणाचं अर्धं ऐकत नाहीत. साहेबांनी सगळं सांगितलं. गुन्हेगार पकडायला कायद्याने अशी युक्ती करता येते, वगैरे.

"मग काल संध्याकाळीच सांगायचं, की कुणी मेलं नाही," बाई म्हणाल्या.

"कशावरून सांगणार? यंत्र सीलबंद आहे. आणि विनापरवाना बोललो तर तो गुन्हा होईल."

मला राहवलं नाही. "म्हणजे खोटं सांगायला परवाना लागत नाही, फक्त ते मागं घ्यायला लागतो?"

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका."

"नवरा माझा आत आहे. मी मध्येच बोलणार!"

तेवढ्यात नातवांचा म्होरक्या ब्वानाली आला. वय साठ, अंगभर माती. "कबर तयार आहे. उत्तरेची माणसं उंच असतात, म्हणून हातभर लांब खणली. मयत कुठंय?"

मग बाईंनीच सांगितलं. ब्वानालीने फावडं खाली ठेवलं, आणि नातवाने फावडं खाली ठेवलं की आमच्याकडे भलेभले कोंबड्या पकडायला धावतात. "खणलेली कबर रिकामी राहिली तर ती गावातलं माणूस मागते. एक वाजला की आत काहीतरी गेलंच पाहिजे."

"केळीचा बुंधा टाका," सार्जंट कालुआ घाईने म्हणाला.

"बुंधा पाण्यात बुडालेल्यांसाठी असतो, ज्यांचा देह सापडत नाही त्यांच्यासाठी. या साहेबांचं काय हरवलंय? लाज?"

साहेब ताडकन उठले. "मी गाडी काढतो." गाडीपुढे अकरा नातू बसले होते. सगळ्यांची पाठ धरली होती.

तेव्हा मी विचार केला, फालेसी, आत्ता नाहीतर कधीच नाही. मी सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "तुमच्या कागदावर काय लिहिलंय? राफायेल काका मेले की नाही मेले?"

"तो प्रश्न नाही."

"कोर्टात तोच विचारतील. मेले म्हणाल, तर देह दाखवा. नाही म्हणाल, तर खोटी मयत कुणी सांगितली? माझ्या नवऱ्याने वहीत तुमच्या तोंडचं लिहिलंय. वहीसुद्धा तुम्हीच जप्त केलीत."

साहेबांनी सार्जंटकडे पाहिलं. कालुआने टोपी काढून हातात घेतली. "साहेब, माझी आई एक्याऐंशीची आहे. हिवाळ्यापासून खोकते. मी या खटल्यावर सही केली, तर तिची कबर मला एकट्याला खणावी लागेल." आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

साहेब बुटांकडे बघत हळूच म्हणाले, "आरोपी सोडता येईल. 'अज्ञात इसम' लिहितो. पण यंत्र परत देता येणार नाही. गाडीतल्या उपकरणात नोंद झालीय, वरच्यांना दिसते. नियम सांगतो, अनोळखी माणसाचं यंत्र अधिकाऱ्यासमोर नष्ट करावं. तोडून, जाळून किंवा पुरून."

'पुरून' म्हटल्याबरोबर ब्वानालीने फावडं उचललं.

नाम्पुतूबाई माझ्याकडे वळल्या. "फालेसी, तू बोल. नवरा की यंत्र?"

काय विचारणं झालं हे! तीन वर्षं त्या डबड्याने माझी बाज खाल्ली, माझ्या भांड्यांचं पितळ खाल्लं, रात्रीची झोप खाल्ली. मी किती वेळा म्हटलं होतं, जाऊन पुर ते कुठंतरी. आणि आता खरंच पुरायची वेळ आली होती. पलीकडच्या डोंगरावरून चालत आलेली ती सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, एका परक्या काकासाठी आलेली. "नवरा," मी म्हटलं, आणि व्हरांड्यातल्या सगळ्या बायकांपेक्षा मोठ्याने रडले.

एक वाजता यंत्र निघालं. पांढऱ्या कापडात गुंडाळून, चटईवर, सहा नातवांच्या खांद्यावर. जास्तेनीला चौकीतून सोडलं होतं. तो मागून चालला. माझ्याशी बोलला नाही.

आमच्याकडे माती देण्याआधी घरच्या माणसाने मयताच्या आजारपणाची हकीकत सांगायची असते. घरचं कोण? मयत ज्याने सांगितली तो. साहेबांना पुढे ढकललं. चारशे माणसं गवतावर बसलेली. साहेबांनी घसा खाकरला.

"मयत... तीन वर्षांची होती. प्रकृती चांगली होती. मंगळवारी दुपारी अचानक... कागदपत्रांच्या अभावी..."

"इलाज नव्हता का?" मागून ती म्हातारी ओरडली.

"होता. फॉर्म भरायचा होता."

"मग भरला का नाही?"

"तो भरता येत नाही, आजी," साहेब म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज खरोखरच चिरकला. मी त्या माणसाला आजन्म शिव्या घालीन, पण हे खोटं सांगणार नाही. "मी बारा वर्षं नोकरीत आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कुणीच भरलेला मी पाहिला नाही."

जास्तेनीने पहिली मूठ टाकली. पत्र्यावर माती वाजली. मग नातवांनी फावडी चालवली, बायकांनी भजन धरलं, आणि साहेबांनी 'विधिवत नष्ट केले' अशा कागदावर सही केली. जाताना त्यांनी रीतसर पिठासाठी हातभार लावला, हेही सांगते. भित्रा होता, निर्लज्ज नव्हता.

जास्तेनी माझ्याशी बोलला तो शुक्रवारी, तेही चहात साखर नाही म्हणून. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

रविवारी सकाळी एनिफा आजी दारात आली. डोंगरापलीकडची, पाय सुजलेले, चार तास चालून आलेली. खाली बसली आणि म्हणाली, "आमचे गेले रे पहाटे. सांग सगळ्यांना." यंत्र पुरल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. कशावरून कळवणार?

मी सांगायला तोंड उघडलं, तर जास्तेनीने हात वर करून मला थांबवलं. साहेबांची गाडी जाताना कालुआने वही तेवढी परत आणून दिली होती. ती जास्तेनीने उघडली. नाव विचारलं, वय विचारलं, वेळ विचारली. मग रिकाम्या टेबलासमोर बसून, त्याच मायेच्या आवाजात, त्याने सगळं वाचलं. आजी डोळे मिटून ऐकत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आता येतील माणसं," आणि निश्चिंत झाली.

मी चपला घातल्या. निरोप द्यायची सात गावं होती, आणि माती तीन वाजता. चौथ्या गावापर्यंतच पोचले.