दुपारची दुप्पट मोजणी

सकाळी नऊ वाजता माझ्याइतकी ठणठणीत मुलगी अख्ख्या हॉलंडमध्ये सापडणार नाही. शाळेत जाताना वर्गातल्या सगळ्या पोरांना मी सायकलवर मागे टाकते. गडबड सुरू होते ती जेवणाच्या सुट्टीनंतर. डावी पापणी खाली यायला लागते, हात वर धरवत नाहीत, जास्त बोललं की आवाज नाकातून येतो आणि समोर दोन-दोन माणसं दिसायला लागतात. खेळाचे क्रोल सर तर मला एकच पुरे होते! त्यांनी माझ्या प्रगतिपुस्तकात एकच शब्द लिहिला होता, 'टाळाटाळ'.

माझी आई कालव्यावरचे पूल उचलते. खरंच, नोकरीच आहे ती. बोट आली की केबिनमधून बटण दाबायचं, पूल वर. ती म्हणायची, "नीन्के, गावातले सात पूल माझं मुकाट्यानं ऐकतात. तुझी एक पापणी तेवढी ऐकत नाही बघ."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर ताल्मांकडे आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळेला वेळ मिळाली सकाळी नऊची. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, माझे हात दाबून बघितले, मी जोर लावला तर तेच खुर्चीसकट मागे सरकले. रक्ताच्या तपासणीत दोन्ही वेळा काही निघालं नाही. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "या वयात मनावर ताण येतो. समुपदेशकांशी बोल, बरं वाटेल. पुढच्या सोमवारची वेळ घेतो."

मी मान हलवली. तेव्हा मी तशीच होते, मान हलवणारी. पण आतून मला रडू येत होतं. समुपदेशकांशी माझं काही भांडण नाही, पण एकदा माझ्या फायलीत 'मनाचं आहे' असं लिहिलं गेलं असतं, तर पुढे रक्त कुणी बघितलं असतं? आणि क्रोल सरांचा तो शब्द कायमचा खरा ठरला असता.

रात्रंदिवस वाचून मी एवढं शोधून काढलं होतं की अशी लक्षणं असली तर रक्ताची आणखी एक तपासणी असते. जिवंत पेशींवर करतात ती. आमच्याच हॉस्पिटलमागच्या विटांच्या इमारतीत करतात, पण डॉक्टरांनी मागितली तरच. आणि नेमकं त्याच आठवड्यात शाळेतून आम्हाला तीन दिवस कुठेतरी काम बघायला पाठवणार होते. कुणी पॅनकेकचं दुकान घेतलं, कुणी प्राणिसंग्रहालय. मी कागदावर ती विटांची इमारत लिहिली. ठरवलं होतं, पहिल्याच दिवशी तिथल्या माणसांना सरळ विचारायचं, माझं रक्त बघाल का?

पहिले दोन दिवस तोंडच उघडलं नाही.

लॅबचा सगळा कारभार वेंडलीनकडे होता. साठीची, दारातून वाकून आत येणारी उंच बाई. मी म्हटलं, "तुम्ही सांगाल ते करेन."

"तू म्हण गं बाई. 'तुम्ही' ऐकलं की सासू मागे येऊन उभी राहिली की काय असं वाटतं. आणि इथला नियम एकच. चूक करणाऱ्यानं सगळ्यांना केक आणायचा. मी आजवर अकरा आणलेत, त्यातले चार एकाच आठवड्यात."

तिथे ज्याची तपासणी होते तो आजार समजावताना तिनं मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. तिथे पांढऱ्या कोटांसाठी खुंट्यांची रांग होती. ती म्हणाली, "हा तुझा स्नायू समज. खुंट्या म्हणजे रिसेप्टर. मेंदूकडून निरोप आला की तो खुंटीला लागतो आणि स्नायू हलतो. आता रक्तातल्या अँटिबॉडी खरं म्हणजे आपले पहारेकरी. पण काहींची मती फिरते आणि त्या आपल्याच खुंट्यांना लटकून बसतात. निरोप लागणार कुठे?"

"मग साध्या तपासणीत त्या सापडत का नाहीत?"

वेंडलीननं कोट बाजूला सारले आणि दोन हातांनी दोन खुंट्या धरून गुडघे वाकवून चक्क लोंबकळली. "अँटिबॉडीला दोन हात असतात. साध्या तपासणीत खुंट्या सुट्या, लांब लांब. एकाच हाताची पकड. पाण्यानं धुतलं की गेली वाहून! आम्ही इथे अशा पेशी वाढवतो की खुंट्या खेटून उभ्या राहतात, स्नायूवर असतात तशाच. मग दोन्ही हातांची पकड. धुतलं तरी सुटत नाही. वर हिरवा रंग लावला की पेशी चमकते." तेवढ्यात एक खुंटी भिंतीतून उपटून तिच्या हातात आली. "बारावा केक," ती म्हणाली.

मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी फक्त हसले. घरी येऊन उशीवर दोन बुक्के मारले, स्वतःच्या नावानं.

तिसऱ्या दिवशी तिनं मला दोन्ही डोळ्यांनी बघायच्या मायक्रोस्कोपवर बसवलं. सरावासाठी जुन्या काचपट्ट्या दिल्या, उत्तरं माहीत असलेल्या. दिसणाऱ्या हिरव्या पेशी मोजायच्या आणि तक्त्यात लिहायच्या. काय सुंदर दिसतं ते! काळ्या आभाळात हिरव्या बांगड्या. सकाळी माझे आकडे आले तेवीस, एकतीस, अठरा. वेंडलीनच्या वहीतही तेवीस, एकतीस, अठरा.

"वा! पॅनकेकवाल्यांचं नुकसान झालं," ती म्हणाली.

जेवायला पावावर लोणी आणि चॉकलेटची शेव खाल्ली आणि मी पुन्हा बसले. तीन वाजता वेंडलीननं तक्ता उचलला आणि तिच्या भुवया कपाळात गेल्या.

"चव्वेचाळीस? इथे बावीस आहेत. अडतीस? एकोणीस आहेत. बावन्न? अगं, कंटाळा आला होता तर सांगायचंस. मनानं आकडे काय ठोकतेस?"

टाळाटाळ! तोच शब्द, फक्त दुसऱ्या तोंडातून. मान हलवायची सवय होती, मान हललीही असती. पण हलली नाही.

"मी ठोकलेले नाहीत!" आवाज नाकातून आला, येऊ दे म्हटलं. "मी एकेक मोजलीय. मला जेवढ्या दिसल्या तेवढ्याच लिहिल्यात!"

"सगळ्या बरोबर दुप्पट?"

"मग मला दुपारी सगळं दोन-दोनच दिसतं! क्रोल सर दोन दिसले की कळतं, कारण तसा माणूस एकच आहे. पेशी सगळ्या सारख्या, त्यात कुठली खरी आणि कुठली उगाचची, मला काय कळणार?"

वेंडलीननं तक्ता खाली ठेवला. तिनं माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. "ही पापणी सकाळी अशी नव्हती."

"नव्हतीच! आणि ताल्मा डॉक्टर मला नेहमी सकाळी बघतात. माझं रक्त तुमच्या पेशींवर बघाल का? मी खरं तर तेवढ्यासाठीच इथे आलेय. येत्या सोमवारी मला समुपदेशकांकडे पाठवणार आहेत." सगळं एका दमात बाहेर पडलं. घसा दुखला, पण काय मोकळं वाटलं!

"डॉक्टरनं मागितल्याशिवाय मी एक थेंब घेऊ शकत नाही," ती म्हणाली आणि लगेच फोन उचलला. "ताल्मा, खाली ये. नाही, आत्ता. नाही, मीटिंग नंतर. अरे, खालीच यायचंय तुला, चंद्रावर नाही."

डॉक्टर ताल्मा धापा टाकत आले. वेंडलीननं नमुने ठेवायच्या बर्फाच्या बादलीतून मूठभर चुरा घेतला, रबरी हातमोज्यात भरला, गाठ मारली आणि माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. "दोन मिनिटं. ओरडायचं नाही."

मी ओरडले. हातमोज्याचा अंगठा माझ्या नाकात जात होता.

दोन मिनिटांनी तिनं हातमोजा काढला. पाणी गालावरून कॉलरमध्ये चाललं होतं, पण पापणी वर होती. उघडी, टक्क! वेंडलीननं माझ्यासमोर स्टीलच्या कपाटाचं दार धरलं, त्यात मी स्वतःच पाहिलं. थंडीनं खुंट्यांचं काम थोडा वेळ सुधारतं, आणि मनाच्या ताणानं खाली आलेली पापणी काही बर्फानं वर जात नाही.

डॉक्टर ताल्मांनी माझा तक्ता हातात घेतला. सकाळ, दुपार. बरोबर, दुप्पट. ते मला म्हणाले, "मी तुला दोन्ही वेळा सकाळी नऊला बोलावलं."

"हो," मी म्हटलं. "तुमच्यासाठी मी दोन्ही वेळा झोपून, ताजीतवानी होऊन आले."

वेंडलीन फिस्सकन हसली. डॉक्टरही लाल होत हसले आणि तिथेच उभ्या उभ्या कागदावर सही केली. सोमवारी समुपदेशकांच्या खोलीत जाण्याऐवजी मी रक्त द्यायला बाही वर केली.

तीन आठवडे वाट बघितली. माझ्या नळीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, त्यामुळे वेंडलीनलाही माहीत नव्हतं की ती कुणाचं रक्त बघतेय. मोजणारे दोघं, दोघांनाही काही ठाऊक नाही. शून्य ते चार असे गुण द्यायचे. डॉक्टरांचा फोन आईला पुलाच्या केबिनमध्ये आला. दोघांनीही तीन दिले होते. अँटिबॉडी होत्या, दोन्ही हातांनी घट्ट लटकून. आजाराचं नाव मायस्थेनिया. त्यावर गोळ्या होत्या.

आईनं एवढी मोठी किंकाळी फोडली की खालचे सायकलवाले ब्रेक मारून वर बघायला लागले.

मी शाळेतून आले तर आमच्या घरावर झेंडा, आणि काठीच्या टोकाला माझं जुनं दप्तर! असं आम्ही लावतो ते शाळेची शेवटची परीक्षा पास झाल्यावर, जून महिन्यात. हा होता नोव्हेंबर, आणि माझी अजून तीन वर्षं बाकी. शेजारचे खेरित काका पिशवी घेऊन चालले होते, ते थबकले.

"अभिनंदन हो! पोरगी पास झाली? इतक्या लवकर?"

"झाली!" आई वरच्या खिडकीतून ओरडली. "रक्ताच्या परीक्षेत! चारपैकी तीन गुण!"

काकांना काही कळलं नाही, तरी त्यांनी आधी आईशी, मग माझ्याशी हात मिळवला आणि आमच्या मांजराचंही अभिनंदन केलं.

गोळ्या सुरू होऊन महिना झाला तेव्हा वेंडलीननं लॅबमध्ये बोलावलं, मुद्दाम दुपारी चार वाजता. क्रोल सरांची धाव अजून अर्धीच जमते मला, पण त्यांनी प्रगतिपुस्तकातला तो शब्द खोडून स्वतःच्या हातानं 'चुकलो' लिहिलंय. लॅबमध्ये नऊ जण कॉफीचे कप धरून उभे होते. मध्ये टेबलावर सफरचंदाचा केक, एका बाजूला करपलेला. त्याच्यामागे डॉक्टर ताल्मा सुरी घेऊन.

"मी स्वतः केलाय," ते म्हणाले. "चूक माझी, केक माझा."

"थांबा!" वेंडलीननं सुरी अडवली. "नीन्के, आधी मोजणी. टेबलावर केक किती?"

मी एक डोळा न मिटता, दोन्ही उघडे ठेवून नीट बघितलं.

"एक," मी म्हटलं. "आणि सकाळी नऊला बोलावलंत दोनदा. डॉक्टर, दुसरा कधी आणताय?"